घराचा सेक्शन कसा काढायचा: लेव्हलच्या हिशेबापासून छज्जाच्या सावलीपर्यंत

"साहेब, दारातून घुसतानी डोकं लागून राह्यलं नं."

मिस्त्रीचा हा फोन मला धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी आला. साइट नागपुरातल्या मानेवाड्याकडची, तळमजला आणि वर एक मजला. जिन्याच्या लँडिंगची, म्हणजे दोन चढांमधल्या सपाट जागेची, सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) ठोकून झाली होती, सळई बांधायची तेवढी राहिली होती. प्लॅनवर सगळं ठीक होतं: बाहेरून दार, दाराच्या वर जिन्याचं लँडिंग. सेक्शनही होता, पण खरं सांगायचं तर त्यातला जिना मी आधीच्या एका घराच्या फाइलमधून उचलून चिकटवला होता. ते दुसरं घर होतं आणि त्याची प्लिंथही, म्हणजे जमिनीपासून तळमजल्याच्या फरशीची उंचीही, दुसरी होती. सेंट्रिंग उकलावी लागली. त्या दिवसापासून उचललेला सेक्शन वापरायचा नाही, असं ठरवलंय. खाली लिहितोय ती पद्धत नागपुरातल्या साध्या, आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) चौकटीच्या दुमजली घरासाठी आहे. आयटीआयला आरेखक स्थापत्य करणाऱ्यांना आणि नुकतेच एखाद्या ऑफिसात लागलेल्यांना ती उपयोगी पडावी.

सेक्शन म्हणजे इमारत उभी कापून तिच्या पोटात पाहणं. पुस्तकात त्याला काटछेद म्हणतात, साइटवर सगळे सेक्शनच म्हणतात. तो का लागतो हे समजायला दीक्षाभूमीच्या स्तूपासमोर उभं राहावं. बाहेरून त्याची घडण सांचीच्या स्तूपाची आठवण करून देते. सांचीचा मोठा स्तूप आतून भरीव आहे, २००१ साली खुला झालेला दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे आणि आत हजारो माणसं मावतात. दोघांची समोरची आकृती शेजारी ठेवली तर हा फरक कळणार नाही. प्लॅनवर पोकळी कळेल, पण घुमट किती जाड आहे आणि डोक्यावर किती मोकळी जागा आहे ते कळणार नाही. त्यासाठी कापावंच लागतं.

कुठे कापायचं

नवखा माणूस घर सोपं दिसेल तिथून कापतो. मी नेमकं उलट सांगतो: जिथे गुंता आहे तिथून कापा. जिना, संडास-बाथरूमचा खाली घेतलेला स्लॅब, एखादी खिडकी, एखादं दार, जमलं तर पोर्च. राष्ट्रीय इमारत संहितेतही किमान एक सेक्शन जिन्यातून असावा असं म्हटलंय. एकाच सरळ रेषेत हे सगळं येत नसेल तर छेदरेषा मध्येच काटकोनात वळवता येते, फक्त ते वळण प्लॅनवर ठळक दाखवा. साध्या घरालाही दोन सेक्शन काढावेत: एक जिन्यातून, दुसरा त्याला आडवा.

भिंतीच्या किंवा बीमच्या लांबीवरून रेषा नेऊ नका, अख्खं चित्र काळं होतं आणि कळत काहीच नाही. कॉलमच्या मधूनही शक्यतो नको.

छेदरेषेच्या दोन्ही टोकांना बाण आणि अक्षर द्या. बाण नजरेची दिशा सांगतो, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. बाणांची टोकं कागदाच्या वरच्या बाजूकडे असतील तर प्लॅनमधली डावी बाजू सेक्शनमध्येही डावी राहते. टोकं खालच्या बाजूकडे असतील तर प्लॅन पूर्ण उलटा, म्हणजे १८० अंशांत फिरवून ठेवावा लागतो. हे न केल्याने उजवीकडे चढणारा जिना सेक्शनमध्ये डावीकडे चढताना मी किती तरी शीटवर पाहिलाय. कॅडवर काम करत असाल तर प्लॅनची प्रत काढून फिरवा. मिरर करू नका.

आधी हिशेब, मग रेषा

पेन्सिल धरायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात लेव्हल मांडायच्या. सेक्शनचं निम्मं काम इथेच होतं. आपल्या घरासाठी जमिनीची पातळी शून्य धरू. सगळे आकडे मिलिमीटरमध्ये:

जमीन: ०
प्लिंथ, म्हणजे तळमजल्याची तयार फरशी: +६००
खिडकीची खालची कड: +१५००
लिंटेलची, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीची, खालची कड: +२७००
पहिल्या मजल्याच्या स्लॅबची वरची बाजू: +३५२५
पहिल्या मजल्याची तयार फरशी: +३६००
गच्चीच्या स्लॅबची वरची बाजू: +६५२५

फरशी ते फरशी ३००० आहे. त्यातून स्लॅब १२५ आणि फरशी तिच्या मसाल्यासह ७५ वजा केली की खोलीची मोकळी उंची २८०० उरते. राहत्या खोलीला संहितेप्रमाणे किमान २७५० हवी. म्हणजे हातात फक्त ५० मिमी. स्ट्रक्चरल इंजिनियरने स्लॅब १५० केला आणि खालून १२ चं प्लॅस्टर आलं, तर उरतात २७६३. अजून चालतंय, पण उद्या मालक जुन्या फरशीवरच नवी फरशी टाकतो म्हणाला तर गेलं.

बीमचंही तसंच. स्लॅबसकट ३८० खोलीचा बीम घेतला तर त्याची खालची कड फरशीपासून २५४५ वर येते. बीमखाली किमान २४०० लागतात. बीम ४५० झाला तरी २४७५ मिळतात. ५३० झाला की २३९५, पाच मिलिमीटरने नापास. हॉल मोठा करायच्या नादात मधला कॉलम काढला की बीम असाच खोल होतो. प्लॅनवर तो एक तुटक रेघ असतो, त्याची खोली सेक्शनमध्येच कळते. म्हणून इंजिनियरचे आकडे आल्याशिवाय सेक्शन पक्का करू नका. आधी काढलाच तर त्यावर 'कच्चा' असं लिहा.

स्केल आणि कागद: तळातल्या पीसीसीपासून (बिनसळईच्या काँक्रीटच्या थरापासून) कठड्याच्या माथ्यापर्यंत आपलं घर सुमारे ९.२ मीटर भरतं. १:५० ला ते १८५ मिमीच्या आत बसतं, लांबी १०.५ मीटर असेल तर २१० मिमी. ए-३ आडव्या कागदावर मापं आणि मजकुराला जागा ठेवूनही आरामात मावतं. मंजुरीला १:१०० चालतं, पण त्यात १२५ चा स्लॅब सव्वा मिलिमीटरचा होतो. साइटसाठी १:५० च द्या.

रेषा टाकण्याचा क्रम

प्लॅन कागदाच्या वरच्या भागात चिकटवा, छेदरेषा आडवी येईल असा. ती जिथे जिथे भिंत, चौकट, खिडकी किंवा जिन्याची पायरी कापते तिथून कडक पेन्सिलीने, २एच किंवा त्याहून कडक, फिकट उभ्या रेषा खाली सोडा. मग मघाच्या यादीतल्या लेव्हलच्या आडव्या रेषा मारा. एक जाळी तयार होते. बाकी सेक्शन म्हणजे या जाळीतल्या कुठल्या चौकोनात भिंत आहे आणि कुठल्यात हवा, एवढंच ठरवणं.

यानंतर कापलेल्या गोष्टी ठळक करायच्या: भिंती, स्लॅब, बीम, लिंटेल, प्लिंथ बीम. त्या झाल्यावर पलीकडे दिसणाऱ्या, पण न कापलेल्या गोष्टी बारीक रेषेत: समोरच्या भिंतीतलं दार, ओटा, कठडा. शेवटी भरण, मापं आणि नावं. मापं आधी टाकायचा मोह होतो, पण लेव्हल बदलली की सगळी खोडावी लागतात.

रेषांच्या जाडीत कंजुषी नको. कापलेलं ०.५, दिसणारं ०.२५, भरणाच्या तिरप्या रेषा ०.१३ किंवा ०.१८. हा फरक राहिला नाही तर सेक्शन आणि एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारी आकृती, सारखेच दिसतात. विटांना ४५ अंशांच्या तिरप्या रेषा, काँक्रीटला ठिपके आणि छोटे त्रिकोण अशी खूण करतात, आयएस ९६२ या भारतीय मानकात या खुणा दिल्या आहेत. १:१०० मध्ये त्रिकोण काढत बसू नका, आरसीसी सरळ काळं भरा.

जिना

फरशी ते फरशी ३०००. पायरीची उंची घरात १९० पर्यंत चालते, पाऊल ठेवायची रुंदी किमान २५०. पण १९० च्या पायऱ्या आजीला चढायला सांगू नका. १८ पायऱ्या केल्या तर प्रत्येकी १६६.७ येते, ते बरं. दोन चढ, ९ आणि ९. नऊ उंच्यांमध्ये सपाट पायऱ्या आठ, कारण नववी उंची चढली की पाय लँडिंगवर पडतो. म्हणजे एका चढाची आडवी लांबी ८ × २५० = २०००. इथे नऊ धरणारे दर बॅचला निम्मे निघतात.

आता ३००० चे १८ समान भाग कसे करायचे? कॅल्क्युलेटरवर १६६.७ काढून प्रत्येक पायरी मोजत गेलात तर चूक साचत जाते. जुनी युक्ती वापरा. १:५० ला दोन फरशांच्या रेषांमध्ये ६० मिमी अंतर आहे. पट्टी तिरपी धरा, तिचा शून्य खालच्या रेषेवर आणि ९० वरच्या रेषेवर येईल अशी. दर ५ मिमीला टिंब द्या. बरोबर १८ भाग. टिंबांतून आडव्या रेषा काढल्या की झालं.

पायऱ्यांचे आतले कोपरे एका तिरप्या रेषेने जोडा, त्या रेषेला काटकोनात १५० अंतर ठेवून दुसरी समांतर रेषा काढा. ही झाली वेस्ट स्लॅबची, म्हणजे पायऱ्यांखालच्या तिरप्या स्लॅबची, जाडी. १५० उभं मोजू नका, स्लॅब पातळ पडेल. दोन चढांच्या जिन्यात छेदरेषा एकाच चढातून जाते. तो चढ ठळक आणि भरलेला, दुसरा नुसता बारीक बाह्यरेषेत. दोन्ही काळे भरलेले दिसले की काढणाऱ्याला छेदरेषा कुठून गेली तेच ठाऊक नव्हतं असं समजावं.

आता माझ्या डोकं लागण्याच्या जागी या. नऊ पायऱ्यांनंतर लँडिंग फरशीपासून १५०० वर, म्हणजे जमिनीपासून २१०० वर. लँडिंगचा स्लॅब १५० आणि वरची फरशी ४० वजा केली की खाली १९१० उरतात, तेही आत येण्याची वाट जमिनीच्या पातळीला धरली तर. लँडिंगखालून जायचं असेल तर २२०० हवेत. मी काय केलं? चढ असमान केले, पहिला ११ पायऱ्यांचा, दुसरा ७ चा. लँडिंग फरशीपासून सुमारे १८३३ वर गेलं, खाली जमिनीपासून २२४३ मिळाले, आणि प्लिंथ चढायच्या चार पायऱ्या दाराच्या आत, दुसऱ्या चढाखाली आल्या. पहिला चढ मात्र आता २५०० लांब झाला. तेवढी जागा प्लॅनमध्ये होती हे नशीब.

जमिनीखाली

पुणेरी किंवा मुंबईच्या नमुन्यावरून काढलेला पाया नागपुरात डोळे झाकून चालत नाही. इथे बऱ्याच भागांत वरचा थर काळ्या मातीचा आहे. पावसाळ्यात ती फुगते, मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया तिच्यातच ठेवला तर घर वर्षातून एकदा उचललं जातं आणि एकदा बसतं, मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. फुटिंग, म्हणजे कॉलमचा रुंद तळ, मातीखालच्या मुरुमात किंवा दगडात टेकली पाहिजे. शेजारच्या प्लॉटवर मुरूम पाच फुटांवर लागला म्हणून आपल्याकडेही लागेल असं नाही. आधी खड्डा मारून बघा आणि सेक्शनमध्ये मातीचे थर त्यांच्या जाडीसह दाखवा. काळी माती फारच खोल असेल तर इंजिनियर फुगीर बुडाचे पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) सुचवेल, तेव्हा चित्र पूर्ण बदलतं.

आपल्या उदाहरणात मुरूम १.५ मीटरवर मिळाला असं समजू. तळाला १०० ची पीसीसी, त्यावर फुटिंग, तिच्यातून कॉलम, जमिनीलगत प्लिंथ बीम. फरशीखाली वरून खाली: फरशी, पीसीसी १००, सोलिंग (दगडांचा थर), आणि मग भरणी. इथे नुसतं 'भरणी' लिहू नका, 'मुरूम भरणी, पाणी मारून थराथराने धुम्मस करून' असं पूर्ण लिहा. नाहीतर ठेकेदार पायाच्या खोदाईतून निघालेली काळी मातीच परत प्लिंथमध्ये ढकलतो. तिची वाहतूक वाचते, आणि दोन पावसाळ्यांत हॉलच्या मधोमध फरशी फुगते.

एक जुना वाद: छेदरेषा कॉलममधून जात नसेल तर फुटिंग दाखवायची का? काटेकोर नियमाने ती कापलीच जात नाही. पण फुटिंग न दाखवता सेक्शन दिला तर मंजुरीला विचारणा होते, कारण पायाची मापं सेक्शनमध्ये असणं अपेक्षित आहे. मी ती तुटक रेषेत दाखवतो आणि मापं लिहितो.

प्लिंथ संहितेनुसार किमान ४५० असते. आपण ६०० घेतली कारण रस्ते दर डांबरीकरणाला वर चढतात आणि घर तिथेच राहतं. प्लॉटची जमीन शून्य धरली असली तरी समोरच्या रस्त्याच्या मध्याची लेव्हलही सेक्शनच्या कडेला लिहून ठेवा.

गच्ची आणि छज्जा

गच्चीचा स्लॅब सपाट, उतार वरच्या कोब्यात. १:१०० च्या उताराने ४.५ मीटर अंतरात ४५ मिमी पडतात. म्हणजे पाण्याच्या पाइपपाशी कोबा ६० धरला तर उंच टोकाला १०५. कठडा किमान एक मीटर, तयार गच्चीपासून मोजून, स्लॅबपासून नाही. उंच टोकाशी तयार गच्ची +६६३०, म्हणून कठड्याचा माथा +७६३०. स्लॅबपासून एक मीटर धरलात तर त्या टोकाला कठडा ८९५ च उरतो. कठडा आणि कोबा मिळतात तिथली गोलाईसुद्धा काढा, गळती तिथूनच सुरू होते. वर पांढरा चायना मोझॅक लिहा. २६ मेच्या सुमाराला नागपुरात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत सगळा मार गच्चीच खाते.

छज्जाची लांबी ठरवायलाही सेक्शनच लागतो, आणि हे काम मला सर्वांत आवडतं. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला सूर्य दक्षिणेला जवळजवळ ४५ अंशांवर असतो. म्हणजे ४५ चा गुण्याच (सेट-स्क्वेअर) पुरे. दक्षिणेच्या खिडकीवर लिंटेलच्या खालच्या कडेला ६०० चा छज्जा काढा, त्याच्या टोकातून ४५ अंशांची रेषा भिंतीकडे आणा. ती ६०० खाली टेकते. १२०० उंच खिडकीचा वरचा अर्धा भाग सावलीत, खालच्या अर्ध्यातून थंडीतलं ऊन आत. दक्षिणेला हे छान आहे.

पश्चिमेला हाच ६०० चा छज्जा फसतो. ऊन ३० अंशांवर उतरलं की समोरून येणाऱ्या उन्हाला तो जेमतेम ३४६ मिमी सावली देतो, आणि आपल्याकडे एप्रिलची खरी तलखी तेव्हाच असते. तिथे व्हरांडा किंवा जाळी काढा, किंवा खिडकीच लहान करा. आणि कूलर! नागपुरात खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर येणार हे ठरलेलं आहे, तरी सेक्शनमध्ये तो कुणी काढत नाही. मग तो पायवाटेवर डोक्याच्या उंचीला लटकतो आणि त्याचं पाणी खालच्या छज्जावर ठिबकत राहतं. तुटक रेषेत का होईना, काढा. पाण्याचा नळ आणि निचरा कुठून येणार ते आपोआप सुचतं.

बाथरूमबद्दल थोडक्यात: स्लॅब ३०० खाली घेतला तर पहिल्या मजल्याच्या बाथरूमखाली मोकळी उंची २५०० राहते. खाली दुसरं बाथरूम असेल तर हरकत नाही, बेडरूम असेल तर प्लॅनच बदला.

देण्यापूर्वी

मापं दोन साखळ्यांत द्या: आतली साखळी प्लिंथ, खिडकीची खालची कड, लिंटेल, स्लॅब अशी तुकड्यातुकड्याने, बाहेरची एकूण. दोन्हींची बेरीज जुळते का ते हाताने करून बघा, कॅडवर विश्वासून नाही. मापाचा आकडा हाताने बदलला की रेषा तशीच राहते. मग प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन शेजारी मांडून एकच खिडकी तिघांत शोधा. ती तिन्हीकडे त्याच जागी, त्याच उंचीवर असली पाहिजे. मंजुरीच्या प्रतीवर नवं बांधकाम लाल, पाडायचं पिवळ्या तिरप्या रेषांत. साइटच्या प्रतीवर रंग नकोत, झेरॉक्समध्ये सगळे काळेच होतात.

आणि पहिली प्रिंट हातात आली की पट्टी लावा. १:५० ला फरशी ते फरशी ६० मिमी भरलं पाहिजे. ५७ किंवा ५८ भरलं तर प्रिंटरने पानात बसवायला चित्र आक्रसलंय. मिस्त्री पट्टी लावूनच मोजणार आहे, ती प्रत फाडा आणि दुसरी काढा.